सातवी वीट

फूटपट्टीचं खरं नाव कॉलेजच्या प्रवेशअर्जावर होतं, पण ते वाचायची वेळ सहसा कुणावर यायची नाही. कँटीनच्या टेबलावर चहा सांडला तरी ही आधी डाग मोजेल आणि मग फडकं शोधेल, असं तिची मैत्रीण म्हणायची. त्या मैत्रिणीच्या गळ्यात कायम कॅमेरा, म्हणून ती कॅमेरा. गटातला तिसरा भाषण. त्याला भाषण का म्हणतात, हा प्रश्न त्याने तोंड उघडेपर्यंतच पडायचा.

शेवटच्या वर्षाला त्यांना एक विषय होता: जगातलं दारिद्र्य, आरोग्य, विषमता आणि त्यांवरचे उपाय. विषय केवढा आणि मुलं केवढी! पण मॅडमनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, सगळं जग अंगावर घेऊ नका, एक दार निवडा आणि त्या दारातली अडचण सोडवा. या तिघांनी मालधक्क्यामागच्या वस्तीतला दवाखाना निवडला. तिथे दर महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी डोळ्यांचे डॉक्टर यायचे, दहा ते दोन. चाळीस माणसं तपासायचे, एक्केचाळिसावं नाही.

तिघं तीन महिने तिथे गेले. कॉलेजची बस दहाला सोडायची आणि चारला न्यायची, त्यामुळे यांनी जे काही पाहिलं ते दहा ते चारच्या मधलं. एवढी साधी गोष्ट तिघांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये, याला काय म्हणावं! वहीत मात्र सगळं टापटीप होतं. ‘रांग नाही. लोक कुठेही बसतात, तरी दार उघडताच भराभर आत जातात. बहुधा दांडगाई.’ त्याखाली: ‘पुष्कळांच्या हातात घरातलं निरुपयोगी सामान असतं. उदा. फुटकी कळशी, एकच चप्पल. कारण: असुरक्षितता?’ आणि त्याहीखाली: ‘रांग का लावत नाही, असं विचारल्यावर सगळे म्हणाले, लावतो की. प्रश्न समजलेला दिसत नाही.’

आता प्रश्न कुणाला समजला नव्हता, हे तुम्हीच ठरवा.

उपाय ठरला. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, एक ते चाळीस. सकाळी सहाला दारात उभं राहायचं, येईल त्याला नंबर द्यायचा, नाव, वय, तक्रार लिहून घ्यायची आणि दहापर्यंत घरी पाठवायचं. मॅडमना आवडला. भाषणने तर टाळ्या घेण्यासारखं एक वाक्यही तयार ठेवलं: ‘डॉक्टरांची एकही जागा वाया जाता कामा नये.’

फूटपट्टीच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तिने वहीत लिहिली नव्हती. तिची आत्या.

आई गेल्यापासून आत्यानेच तिला वाढवलं होतं. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात आत्या चेकिंगला बसायची. शिवण एक धागा जरी वाकडी गेली तरी कपडा बाजूला टाकायची. बावीस वर्षं तिच्या नजरेतून एक कॉलर सुटली नव्हती. अलीकडे मात्र ती शिवण बोटांनी चाचपून बघू लागली होती आणि घरात दुधाचं पातेलं ठेवताना गॅसच्या शेजारी ठेवत होती. कारखान्यातल्या सुपरवायझरने तिला बाजूला घेऊन सांगितलं, “बाई, महिनाअखेरपर्यंत डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद आणा. चष्मा म्हणू देत, ऑपरेशन म्हणू देत, काही म्हणू देत. पण कागदाशिवाय ती खुर्ची मला तुमच्यासाठी धरून ठेवता येणार नाही.”

“आत्या, येत्या मंगळवारी चल माझ्याबरोबर,” फूटपट्टी म्हणाली. “आपलीच तर पद्धत आहे.”

“आपली म्हणजे कुणाची गं?” आत्या म्हणाली, पण आली.

मंगळवारी पावणेसहाला ते सगळे दवाखान्यापाशी पोहोचले तर तिथे चिटपाखरू नव्हतं. दाराला कुलूप. आणि दारापासून भिंतीच्या कडेकडेने पार कोपऱ्यापर्यंत गेलेल्या लांबलचक ओट्यावर हा पसारा! कंदील. कळशी. चप्पल, तीही एकच. वीट. दुधाची रिकामी किटली. तारा निघालेली छत्री. गाठ मारलेला दोर. खुर्चीचा पाय.

“काय हा उकिरडा!” भाषण म्हणाला. “आठ वाजता मॅडम येणार आहेत.”

“फोटोतही येईल,” कॅमेरा म्हणाली.

कोपऱ्यात सिमेंटची दोन रिकामी पोती पडली होती. तिघांनी अंग मोडून काम केलं आणि वीस मिनिटांत ओटा लख्ख केला. आत्याने तर झाडूसुद्धा मारला. मग फूटपट्टीने टेबल मांडलं, कागद सरळ केले आणि एक नंबरची चिठ्ठी आत्याच्या हातात दिली. आली होती ना ती सगळ्यांच्या आधी? यात काही गैर आहे असं फूटपट्टीच्या मनातही आलं नाही.

साडेसहाला दूधवाली आली. उंच, सडपातळ बाई, सायकल हातात धरून चालणारी. तिने ओट्याकडे पाहिलं. मग या तिघांकडे. मग पुन्हा ओट्याकडे.

“माझी किटली कुठाय?”

“ताई, हा घ्या तुमचा नंबर,” भाषण हसून म्हणाला. “दोन.”

“नंबर राहू दे. किटली कुठाय?”

तिच्यामागून आणखी दोघं आले. मग पाच. मग कळेना कुठून, बघता बघता सगळा रस्ता भरला आणि जो तो एकच विचारू लागला. माझी छत्री? माझा दोर? एक म्हातारबुवा ओट्यावर हात फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले, तसेच परत आले आणि म्हणाले, “अरे, रांग कुठं गेली?”

तेव्हा कुठे फूटपट्टीच्या डोक्यात प्रकाश पडला.

ती रांगच होती! दार उघडणार दहाला. तोवर कुणाला दूध घालायचं, कुणाला पोरं शाळेत सोडायची, कुणाची रात्रपाळी संपायची. माणसांनी चार-चार तास उभं राहायचं कशाला? पहाटे यायचं, आपली वस्तू ठेवायची आणि कामाला जायचं. वस्तू माणसाच्या जागी उभी. दहाला येऊन आपापली वस्तू उचलायची आणि आत जायचं. हेच ते निरुपयोगी सामान, आणि हीच ती असुरक्षितता! तीन महिने ज्या गोष्टीवर ती टिपणं काढत होती, तीच तिने आज पोत्यात भरली होती.

भाषणची बोबडी वळली. हा प्रसंग खरं तर बघण्यासारखा, पण बघायला कुणाला सवड नव्हती. जो तो ओरडत होता. कुणी म्हणालं पोलिसांना बोलवा, कुणी म्हणालं यांच्या कॉलेजला बोलवा. आत्याने आपल्या हातातली एक नंबरची चिठ्ठी पाहिली, तिची बारीक घडी घातली आणि टेबलावर ठेवून दिली.

“मला नको गं हे,” ती म्हणाली.

तेवढ्यात कंपाउंडर आला. जाडजूड, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, कशानेही न हलणारा माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फूटपट्टीसमोर उभा राहिला. “पोरी, ज्यानं विस्कटलं त्यानं लावायचं. दहा वाजता मी दार उघडणार.”

फूटपट्टीने पोती रस्त्यात रिकामी केली. वस्तू मोजल्या. बरोबर चाळीस. चाळिसाच्या पुढे कुणी ठेवतच नव्हतं. उगाच आशा कशाला?

तुम्ही कितवे होतात, असं विचारलं तर सांगता कुणालाच येईना. एकजण म्हणे बारावा, दुसराही म्हणे बारावा, आणि दोघांची जुंपली. मग तिला सुचलं. एवढं एक तिला चांगलं सुचलं, त्याचं श्रेय देऊ या. तिने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: “तुम्ही ठेवलंत तेव्हा तुमच्यापुढे काय होतं?”

ते मात्र सगळ्यांना पाठ! “माझ्यापुढं छत्री.” “माझ्यापुढं कळशी.” “माझ्यापुढं दार,” एक सुतार म्हणाला, तो पहिला. साखळी जुळत गेली. लोकांचा आवाज खाली आला, मग तेही मदतीला लागले, “ए छत्री, तुझ्यामागं मी, सरक की!” अशी थट्टाही सुरू झाली. भाषण वस्तू उचलून ओट्यावर लावत होता, फूटपट्टी लिहीत होती आणि तिचा जीव हळूहळू भांड्यात पडत होता.

दूधवालीची पाळी आली. “माझ्यापुढं वीट. आणि विटेपुढं कंदील.”

कंदील सहावा. म्हणजे वीट सातवी आणि किटली आठवी. “वीट कुणाची?” फूटपट्टीने विचारलं.

जो तो आपापल्या वस्तूकडे बघू लागला.

“अहो, वीट कुणाची आहे?”

“असू दे ती,” म्हातारबुवा म्हणाले.

“असू दे म्हणजे? नाव काय लिहू?”

“येतो कुणीतरी,” सुतार म्हणाला.

“कोण?”

“ते आल्यावर कळतं.”

“आणि नाहीच आला तर?”

“तर डॉक्टरांना दोन वाजता निवांत चहा मिळतो,” कंपाउंडर म्हणाला आणि लोक हसले. फूटपट्टीला हसू आलं नाही. तिला काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. तिच्या कागदावर तीन रकाने होते. नाव नाही, वय नाही, तक्रार नाही. मग विटेपुढे लिहायचं काय?

तिने एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. एक म्हणाली, पूर्वी एक आजीबाई यायच्या, त्यांची वीट. दुसरा म्हणाला, छे, ती कंपाउंडरची. कंपाउंडर म्हणाला, मी नोकरीला लागलो तेव्हापासून सातवी वीटच असते, मला नका विचारू. दूधवाली म्हणाली, “तो बारा वाजता आला तरी सातवाच. एवढंच.” जितकं विचारावं तितका गुंता वाढत होता. फूटपट्टीला वाटलं, ही माणसं आपली फिरकी तर घेत नाहीत? घेत असली तरी बोलायला तोंड होतं का तिला?

शेवटी चाळीस ओळी भरल्या. चाळिसावा खुर्चीचा पाय. आणि आत्या? तिने काहीच ठेवलं नव्हतं. आत्या एक्केचाळिसावी.

आत्या ओट्याच्या टोकाला बसली होती, पदराची शिवण अंगठ्याने चाचपत. तक्रारीचा एक शब्द नाही. त्या अंगठ्याकडे फूटपट्टीला बघवेना. महिनाअखेरीला नऊ दिवस उरले होते.

“ऐक,” भाषण तिच्या कानाशी म्हणाला. “वीट म्हणजे रिकामी जागा. मालक नाही. आपला उपाय काय? एकही जागा वाया जाता कामा नये. काढ ती.”

बोलणं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच तिला ते टोचत होतं, का आत्यासाठी बरोबर वाटत होतं म्हणून टोचत होतं, हे तिचं तिलाच कळेना. तिने मोठ्याने विचारलं, “ही वीट काढली तर कुणाचं नुकसान आहे का?”

दूधवाली म्हणाली, “यादी तुझ्या हातात आहे. काढायची तर काढ. पण तूच काढ. आमच्यातलं कुणी नाही हात लावणार.”

फूटपट्टीने वीट उचलली. वाटली होती त्यापेक्षा जड होती. तिने ती पोत्यात ठेवली, सातव्या ओळीवर काट मारली आणि पुढचे सगळे नंबर एकेकाने कमी केले. खुर्चीचा पाय एकोणचाळीस. आत्या चाळीस.

दहाला दार उघडलं. सगळं सुरळीत चाललं. कंपाउंडरने “सात” म्हटल्यावर दूधवाली जागची हलेना. “मी आठवी आहे,” ती म्हणाली.

“आता तुम्ही सातव्या,” फूटपट्टी म्हणाली.

दूधवालीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि किटली घेऊन आत गेली. आठपासून मॅडमही येऊन बसल्या होत्या. त्यांनी टेबलावरची यादी बघून मान डोलावली. कॅमेराने फोटो काढले. साडेअकराला पंधरावा नंबर आत गेला तेव्हा फूटपट्टीला पहिल्यांदा तहान लागल्याचं जाणवलं.

आणि तेव्हाच तो आला.

अंगात काजळी लागलेला खाकी शर्ट, वेल्डिंग करणारा माणूस. बरोबरच्याने त्याला दंडाला धरून आणलं होतं. एक डोळा मिटलेला, त्यावर ओला रुमाल, आणि दुसऱ्यातूनही पाणी वाहत होतं. “कण उडालाय डोळ्यात,” बरोबरचा म्हणाला. “मोठ्या हॉस्पिटलात जायला तीन तास लागतात. इथं आज डॉक्टर असतात म्हणाले. रांग कुठाय?”

ओट्यावरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. आधी पोत्याकडे, मग फूटपट्टीकडे.

मॅडम चष्मा काढून पुसू लागल्या. फूटपट्टीला वाटलं, कुणीतरी रागवावं, कुणीतरी ओरडावं. कुणी ओरडलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण यादी तिच्या हातात होती आणि सगळे वाट बघत होते.

तिने आत्याकडे पाहिलं. आत्याला तो माणूस नीट दिसतही नसावा, पण त्याचं कण्हणं ऐकू येत होतं.

“बघतेस काय?” आत्या म्हणाली. “ने त्याला आत.”

फूटपट्टीने पोत्यातून वीट काढली, कंदिलाच्या जागेनंतर ठेवली आणि खोडलेल्या सातव्या ओळीपुढे लिहिलं: आला. मग वेल्डरचा दंड धरून त्याला आत घेऊन गेली.

दोन वाजता डॉक्टर हात पुसत बाहेर आले. खुर्चीचा पाय तपासून झाला होता. चाळीस भरले होते. फूटपट्टी त्यांच्या गाडीच्या दारापर्यंत धावत गेली. “सर, एकच. माझी आत्या आहे. फक्त एक कागद—”

डॉक्टर थकले होते, पण माणूस वाईट नव्हता. “पुढच्या दवाखान्यात चाळीस बसलेत,” ते म्हणाले. “त्यांतलं कोण कमी करू, सांगतेस?”

गाडी गेली.

महिनाअखेर झाली. आत्याची खुर्ची गेली. काढून टाकलं नाही तिला, बटणांच्या टेबलावर बसवलं. दिवसभर डब्यातून बटणं निवडायची, चार भोकांची इकडे, दोन भोकांची तिकडे. “बोटांना जमतं हे,” आत्या म्हणायची. पण बावीस वर्षांत पहिल्यांदाच घरी आल्यावर ती कारखान्यातलं काही सांगेनाशी झाली. फूटपट्टी भाजी चिरताना रडायची आणि कांद्याचं नाव सांगायची, कांदा नसला तरी.

कॉलेजात प्रदर्शन झालं. भाषणने कंपाउंडरकडून वीट मागून आणली होती. ती टेबलावर ठेवली आणि पुढे पाटी लावली: ‘स्थानिक पद्धत. अर्थ अस्पष्ट.’ मॅडमनी विचारलं, “मग तुमचा उपाय नेमका काय ठरला?” भाषण पंधरा मिनिटं बोलला. फूटपट्टी वीट बघत होती. सातव्या जागेवर कोण येणार, ते तिला आता कळलं होतं. पण ती तिथे ठेवतं कोण? तिथला प्रत्येक माणूस सांगत होता, माझी नाही. मग ती येते कुठून? प्रदर्शन संपल्यावर तिने वीट पिशवीत घातली. का ते तिलाही सांगता आलं नसतं. परत करायची म्हणून असेल.

पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी पहाटे पाचला ती एकटीच दवाखान्यापाशी पोहोचली. एका हातात आत्याची जुनी, वायर तुटलेली इस्त्री आणि खांद्याला विटेची पिशवी. ओट्यावर वस्तू मांडलेल्या होत्या. सुताराचा रंधा. कळशी. चप्पल. दोर. छत्री. कंदील.

सहा.

वीट कुठेच नव्हती. असणार कशी, पिशवीत होती! ती कंदिलापाशी थांबली. इस्त्री ठेवली की सातवा नंबर. तिने इस्त्री टेकवली, पुन्हा उचलली. मागे सायकल थांबल्याचा आवाज आला. दूधवाली होती, हातात किटली.

“लवकर ठेव की,” ती म्हणाली. “मला दूध घालायला जायचंय.”

“मागच्या वेळी...” फूटपट्टीला नीट विचारताही येईना. “मागच्या वेळी वीट कुणी ठेवली होती?”

दूधवालीने किटली या हातातून त्या हातात घेतली. “मागच्या वेळी मी सातवी आले होते,” ती म्हणाली.

दूधवालीने पुन्हा घाई केली नाही. मग फूटपट्टीने पिशवीतून वीट काढली आणि कंदिलाशेजारी ठेवली. तिच्याशेजारी इस्त्री. दूधवालीने इस्त्रीच्या मागे किटली ठेवली आणि सायकलवर टांग मारून निघून गेली.

घरी आत्या जागी होती. चहाचे कप चाचपत होती.

“कितवा लागला?”

“आठवा.”

“एवढ्या पहाटे जाऊन आठवा? सातवासुद्धा नाही मिळाला?”

“सातवा दुसऱ्याचा आहे, आत्या.”

“कुणाचा?”

“माहीत नाही,” फूटपट्टी म्हणाली. “अजून आला नाही तो.”

आत्याने हाताने अंदाज घेत तिच्यापुढे कप सरकवला आणि म्हणाली, “बरं. चहा घे, निवतोय.”